तळहातावरची गाठ : निदान, भीती आणि औषधदान

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी माझ्यासारख्या एका निवृत्त शिक्षकाला आपण बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल मी ट्रस्टचा ऋणी आहे. या व्यासपीठावरून विद्वानांची व्याख्याने झाली. कोणी अनेकांतवादावर बोलले, कोणी दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाच्या शैक्षणिक वाटचालीवर बोलले. माझा विषय त्यामानाने फारच छोटा आहे. इतका छोटा, की तो तळहातावर मावतो. गेल्या काही वर्षांत माझ्या उजव्या तळहातावर आलेल्या एका गाठीविषयी मी बोलणार आहे. ट्रस्टने यंदा वैद्यकीय साहाय्य निधी सुरू करण्याचा संकल्प सोडला आहे, म्हणूनच हा विषय आपल्यापुढे मांडण्याचे धाडस करतो.

प्रथम ती गाठ मला कशी सापडली ते सांगतो. दशलक्षण पर्वाचे दिवस होते. अभिषेकानंतर गंधोदक घेण्यासाठी मी हाताची ओंजळ केली, तेव्हा करंगळीशेजारच्या बोटाच्या, म्हणजे अनामिकेच्या मुळाशी तळहातात काहीतरी टणक असल्याचे जाणवले. घरी येऊन उजेडात पाहिले. हरभऱ्याएवढी गाठ आणि तिच्याजवळ कातडीला आत ओढल्यासारखी एक खळी. दुखत मुळीच नव्हते. आयुष्यभर खडू धरलेला हात. घट्टा पडला असेल, असे समजून मी तिकडे दुर्लक्ष केले. वय त्रेसष्ट, आणि मधुमेह दहा वर्षांचा सोबती. या दोन गोष्टींचा त्या गाठीशी काही संबंध असू शकतो, हे तेव्हा माझ्या ध्यानीमनीही नव्हते.

सहा महिन्यांत गाठीपासून बोटाकडे जाणारी एक दोरीसारखी रेघ कातडीखाली हाताला लागू लागली. मग मात्र मन धास्तावले, आणि साताऱ्यात माझी भ्रमंती सुरू झाली. एका परिचिताने शीर आखडली असे सांगून कोमट तेलाने रोज चोळण्याचा सल्ला दिला. तीन महिने चोळले. गाठ होती तशीच राहिली. एका खाजगी दवाखान्यात यंत्राने शेक देण्याच्या बारा बैठकांचे एकरकमी बावीस हजार रुपये सांगण्यात आले. हा नेमका कोणता आजार आहे, असे मी विचारले, तेव्हा आधी बैठका सुरू करा, नाव मागाहून पाहू, असे उत्तर मिळाले. दुसऱ्या ठिकाणी गाठ कापून टाकण्यासाठी थेट तारीखच देण्यात आली. मी कोणाचे नाव घेत नाही, कारण दोष व्यक्तीचा कमी आणि या आजाराच्या विरळपणाचा अधिक आहे. हा विकार प्रामुख्याने उत्तर युरोपातील लोकांत आढळतो. आपल्या भागातील सामान्य डॉक्टरांना उभ्या कारकिर्दीत याचे मोजकेच रुग्ण दिसतात. जे क्वचित दिसते ते ओळखता येणे अवघड असते, हे मान्य केले पाहिजे.

परंतु बावीस हजारांपेक्षाही मोठी गोष्ट दुसरीच होती. एके दिवशी मंदिराच्या ओसरीवर दोघांची कुजबुज माझ्या कानी आली. "सरांचं बोट वाकायला लागलंय. महारोगाची सुरुवात तर नसेल?" बंधूंनो, मी चौतीस वर्षे विद्यार्थ्यांना विज्ञान शिकवले. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो, औषधांनी पूर्ण बरा होतो, आणि उपचार सुरू होताच त्याचा संसर्ग थांबतो, हे मी फळ्यावर कितीतरी वेळा लिहिले आहे. तरीही त्या दिवसापासून मी उजवा हात खिशात ठेवू लागलो. प्रसादाचे ताट दुसऱ्याच्या हाती देऊ लागलो. मुलाकडे कोल्हापूरला जाणे टाळले, कारण तेथे नातवंडे होती. जे ज्ञान मी इतरांना दिले, ते माझ्या कामी आले नाही. सौभाग्यवतीने मात्र माझ्या हातचा चहाचा कप एक दिवसही वेगळा ठेवला नाही. तिने एवढेच म्हटले, "अहो, तपासून तरी घ्या. नसलं तर सुटाल, असलं तर औषध आहे."

तिचे ऐकून मी साताऱ्यातील शासकीय रुग्णालयात गेलो. तेथील तरुण डॉक्टरांनी माझ्या दोन्ही हातांवर कापसाच्या बोळ्याने स्पर्श करून डोळे मिटून ओळखायला सांगितले. कोपराजवळची नस चाचपली. अंगावर कोठे बधिर चट्टा आहे का ते पाहिले. मग म्हणाले, "काका, हा कुष्ठरोग नाही. पण हे नेमकं काय आहे ते हाताच्या तज्ज्ञाला दाखवा. मिरजेला जाल का?"

त्या तपासणीचे मर्म येथे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण दोन्ही आजारांत वाकणारी बोटे बहुधा तीच असतात, अनामिका आणि करंगळी. म्हणून गल्लत होते. कुष्ठरोगात कोपराजवळची नस बिघडते, स्नायू दुबळे होतात आणि बोटे पंजासारखी वळतात. परंतु सुरुवातीच्या काळात दुसऱ्याने धरून ती सरळ केली तर ती सरळ होतात, आणि त्या भागाची संवेदना हरपलेली असते. माझ्या आजारात संवेदना शाबूत असते, स्नायूही सशक्त असतात. पण कातडीखालची दोरी बोटाला खेचून धरते आणि आजार वाढल्यावर बोट दुसऱ्याने ओढूनही सरळ होत नाही. कुष्ठरोग निघाला असता तरी खचण्याचे कारण नव्हते. त्याची बहुविध औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात. ज्या मिरजेला मी जाणार होतो, तेथेच रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालयाने या रुग्णांची दीर्घकाळ सेवा केली आहे. भीती रोगापेक्षा जुनी आणि रोगापेक्षा चिवट असते, एवढेच मी शिकलो.

साताऱ्याहून मिरजेस जाणारी रेल्वे कराड, किर्लोस्करवाडी, सांगली असा प्रवास करीत जाते. मी सांगलीस माझ्या थोरल्या बहिणीकडे, आक्कांकडे मुक्कामास उतरलो. आमचे दाजी तासगाव तालुक्यातील द्राक्षबागायतदार. जेवताना त्यांनी माझा हात हातात घेऊन निरखला आणि काही न बोलता स्वतःचा डावा हात ताटाशेजारी ठेवला. त्यांची करंगळी आणि अनामिका तळहाताकडे इतकी वळलेली होती, की तो हात उताणाही नीट पडत नव्हता आणि पालथाही पडत नव्हता. मी थक्क झालो. इतकी वर्षे येणेजाणे असून ते माझ्या लक्षात आले नव्हते.

"दाजी, हे कधीपासून?"

"आठ-नऊ वर्षं झाली असतील. कात्री उजव्या हातानं चालते, म्हणून भागतं. तोंड धुताना बोट डोळ्यात जातं, एवढंच."

"आणि दाखवलं नाही कोणाला?"

"छाटणीत सवड कुठं, अण्णा? आणि लोक काय म्हणतील..."

तेच 'लोक काय म्हणतील'! साताऱ्यात मी हात खिशात लपवीत होतो, सांगलीत ते उपरण्याखाली लपवीत होते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघेही मिरजेस गेलो.

मिरज ही वैद्यकसेवेची जुनी पेठ आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली येथे रुग्णालय उभारले, तेव्हापासून कर्नाटकाच्या सीमेपलीकडचे रुग्णही येथे येत आले. १९६२ मध्ये येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. हेच मिरज तंतुवाद्यांचेही गाव. येथील सतार आणि तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत आमच्यापुढे असेच एक वृद्ध वाद्यकारागीर बसले होते. त्यांचे बोट वाकत होते आणि सरळ करताना टक्‌ असा आवाज होऊन सुटत होते. त्यांचा आजार वेगळा होता. बोटाची शीर तिच्या नळीत अडकत होती, आणि त्यावर साधा उपाय होता. रांगेतील तिघांची बोटे वाकलेली, आणि त्यामागची कारणे मात्र दोन. निदान आधी आणि उपचार नंतर, हा धडा त्या बाकावरच मिळाला.

शल्यविशारदांनी माझा तळहात चाचपला, पाठीमागून बोटांची पेरे पाहिली, पायांचे तळवेही पाहिले. मग विचारले, "घेता का?" मला प्रश्न कळला नाही. "दारू हो." शेजारी दाजी हसू दाबीत होते. मी थोड्या रागानेच सांगितले, "डॉक्टरसाहेब, आम्ही जैन. घरात कांदासुद्धा येत नाही." ते शांतपणे म्हणाले, "विचारावं लागतं, गुरुजी. मद्य, तंबाखू, मधुमेह आणि आनुवंशिकता यांचा या आजाराशी संबंध दिसतो. पण मद्याला कधीही न शिवलेल्यांनाही तो होतो. तुमच्या बाबतीत मधुमेह आहेच." हे मी मुद्दाम सांगतो, कारण हा व्यसनी माणसांचा आजार आहे असा समज करून घेतला, तर आपल्या समाजातील निर्व्यसनी माणूस तो अधिकच लपवील.

मग त्यांनी एकच गोष्ट करायला सांगितली. "हात टेबलावर पालथा ठेवा." मी ठेवला. तळहात आणि पाचही बोटे टेबलाला टेकली. ते म्हणाले, "तुमचा हात सपाट टेकतोय. आज काहीही करायचं नाही. शेक नको, मालीश नको, कापणं तर नकोच. दर महिन्याला घरच्या टेबलावर हीच परीक्षा घ्या. ज्या दिवशी हात टेकणार नाही, त्या दिवशी या." एक वर्षाची भ्रमंती, बावीस हजारांचा प्रस्ताव, कापण्याची ठरलेली तारीख आणि मनातील महारोग, या सर्वांचा निकाल एका लाकडी टेबलावर लागला. ही चाचणी ऑस्ट्रेलियातील शल्यविशारद जॉन ह्यूस्टन यांच्या नावाने ओळखली जाते. तिला ना यंत्र लागते, ना रक्त, ना पैसा.

आजाराचे नाव ड्युपिट्रेन. ग्योम ड्युपिट्रेन हे पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयाचे विख्यात शल्यचिकित्सक. १८३१ साली त्यांनी एका मद्यव्यापाऱ्याच्या वाकलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया केली आणि या आजारावर व्याख्यान दिले. भूल देण्याची विद्या तेव्हा अवगत नव्हती. ईथरची भूल १८४६ साली प्रचारात आली. म्हणजे त्या रुग्णाने ती शस्त्रक्रिया जागेपणी सोसली. त्यांच्या आधी स्वित्झर्लंडचे फेलिक्स प्लाटर आणि इंग्लंडचे हेन्री क्लाइन व ॲस्ट्ली कूपर यांनीही या विकाराची नोंद केली होती. बोट वाकविणारी शीर आखडते, असा समज पूर्वी रूढ होता. ड्युपिट्रेन यांनी मृत व्यक्तीच्या हाताचे विच्छेदन करून दाखविले, की शीर निर्दोष असते. दोष तिच्यावर पसरलेल्या तंतुमय पडद्यात असतो. 'शीर आखडली' म्हणून साताऱ्यात मला मिळालेला सल्ला जवळजवळ दोनशे वर्षे जुना होता, असे म्हणावयास हरकत नाही.

हा पडदा आपणा सर्वांच्या तळहातात कातडीखाली असतो. त्याच्यामुळेच तळहाताची कातडी सैल सरकत नाही आणि पकड घट्ट बसते. या आजारात त्यातील पेशी जखम भरताना करतात तसे काम विनाकारण करू लागतात. तंतू निर्माण करतात आणि ते आकुंचित करतात. आधी गाठ, मग दोरी, मग बोटाचे वाकणे, असा हा क्रम असतो. परंतु प्रत्येक गाठ पुढची पायरी गाठतेच असे नाही. अनेकांची गाठ वर्षानुवर्षे तशीच राहते. मधुमेही व्यक्तींमध्ये हा आजार सर्वसाधारणपणे सौम्य असतो. उलट तरुण वयात सुरुवात, दोन्ही हातांना लागण, घराण्यात इतिहास, बोटांच्या पाठीवरील सांध्यांवर जाड गादी किंवा पायाच्या तळव्यात गाठी असतील, तर तो झपाट्याने वाढण्याचा संभव अधिक. डॉक्टरांनी माझे पाय का पाहिले, हे मला तेव्हा उमगले.

मधुमेह्यांमध्ये आणखी एक विकार आढळतो. सर्वच बोटांचे सांधे ताठरतात, कातडी जाड व मेणचट होते, आणि नमस्कारासाठी हात जोडले तर तळवे व बोटे एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत, मध्ये फट राहते. वैद्यकशास्त्रात या लक्षणाला प्रार्थनेच्याच मुद्रेचे नाव आहे. आपण तर दिवसातून कितीतरी वेळा जय जिनेंद्र म्हणून हात जोडतो. म्हणजे परीक्षा रोज होतेच. फक्त निकाल पाहण्याची सवय हवी.

आता उपचारांविषयी. मी वैद्य नाही. तज्ज्ञांकडून जे समजावून घेतले तेच मांडतो. सुरुवातीच्या अवस्थेत, गाठ आहे पण हात सपाट टेकतो तोवर, बहुतेकांना केवळ निरीक्षण पुरते. नुसती गाठ कापून काढणे हितावह नसते, कारण त्या जखमेमुळेच आजार चेतण्याची शक्यता असते. मालीश किंवा जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी आजार थांबतो असे सिद्ध झालेले नाही. गाठ दुखत असेल तर तज्ज्ञ तीत स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. मधुमेह्यांनी त्यानंतर काही दिवस साखरेवर लक्ष ठेवावे लागते. जर्मनी व इंग्लंडमध्ये काही निवडक रुग्णांना प्रारंभीच कमी मात्रेचे किरणोपचार देतात. पण त्यांच्या दीर्घकालीन लाभाचा पुरावा मर्यादित आहे. २०२२ साली इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ॲडालिमुमॅब या सांधेदुखीवरील औषधाची गाठीत इंजेक्शने देऊन गाठी मऊ व लहान झाल्याचे प्रसिद्ध केले. आशादायक आहे, परंतु त्यामुळे पुढे बोट वाकणे टळते का, हे काळच ठरवील. अशा बातम्या वाचून कोणी कर्ज काढून धावू नये, एवढीच विनंती.

तळहाताजवळच्या सांध्यात बोट सुमारे ३० अंश वाकले, किंवा बोटाचा मधला सांधा वाकू लागला, की मात्र विलंब करू नये. येथून पुढे मुख्यतः दोन मार्ग. पहिला सुईचा. जागा बधिर करून सुईच्या टोकाने दोरी कातडीखालीच तोडतात. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. ही पद्धत १९७० च्या दशकात पॅरिसमधील संधिवाततज्ज्ञांनी रूढ केली. खर्च कमी, पण आजार पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण अधिक. दुसरा मार्ग शस्त्रक्रियेचा, ज्यात रोगट पडदा काढून टाकतात. परिणाम अधिक टिकतो. परंतु बोटाच्या नसा दोरीला लगटून असल्याने ते काम अनुभवी हातांचे आहे, आणि नंतर कित्येक आठवडे व्यायाम करावा लागतो. दोरी विरघळविणारे एक इंजेक्शन अमेरिकेत २०१० साली मान्य झाले. पण ते महागडे, आणि २०२० मध्ये कंपनीने युरोपच्या बाजारातून ते काढूनही घेतले. कोणताही मार्ग आजार समूळ नष्ट करीत नाही. तो बोटाला सरळपणा परत देतो, आणि तोही वेळेवर गेलो तर.

वेळेवर न गेल्याची किंमत दाजींनी मोजली. त्यांची शस्त्रक्रिया ऑक्टोबर छाटणी उरकल्यावर सरकारी रुग्णालयात झाली. अनामिका जवळजवळ सरळ झाली. करंगळीचा मधला सांधा मात्र इतकी वर्षे वाकून आत आखडला होता. दोरी काढली तरी तो अर्धाच उलगडला. शल्यविशारद म्हणाले, "पाच वर्षांपूर्वी आला असता तर दोन्ही बोटं सरळ करून दिली असती." दाजी घरी आले आणि आक्कांना म्हणाले, "डोळ्यात बोट जाणं तरी थांबलं." त्या वाक्यावर आम्ही सारे हसलो, पण आक्का पदराने डोळे टिपत होत्या. शस्त्रक्रियेचा खर्च किरकोळ होता. खरा खर्च झाला तो हाताच्या पट्टीवर, व्यायामासाठी तासगाव ते मिरज घातलेल्या खेपांवर आणि बुडालेल्या रोजावर. मदतनिधीचा विचार करताना विश्वस्तांनी हे ध्यानात ठेवावे. उपचार मोफत झाला तरी रुग्ण मोफत बरा होत नाही.

खर्चाचा विषय निघालाच आहे, तर चार उपयुक्त गोष्टी सांगतो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार विनामूल्य झाले आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या विभागाकडे असल्याने तेथे शासकीय दराने अल्प शुल्क पडते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, जी २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली होती, तिचा लाभ आता राज्यातील सर्व कुटुंबांना खुला असून तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपये करण्यात आली आहे. मात्र प्रत्येक शस्त्रक्रिया प्रत्येक रुग्णालयात योजनेत बसते असे नसते. तेथील आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन दाखल होण्यापूर्वीच चौकशी करावी, पैसे भरल्यानंतर नव्हे. सातारा जिल्ह्यात कराडचे कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय आहे, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय व भारती विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. हाताच्या आजारासाठी तेथे अस्थिरोग अथवा प्लास्टिक सर्जरी विभागात दाखवावे.

आणि चौथी गोष्ट, जी एका सार्वजनिक ट्रस्टच्या व्यासपीठावर सांगणे विशेष उचित ठरेल. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवणे बंधनकारक आहे. त्यासाठी ती रुग्णालये देयकांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा करतात. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो. हा रुग्णाचा हक्क आहे, उपकार नव्हे. पण आपला माणूस संकोचतो. धर्मादाय खाट मागणे त्याला भीक मागितल्यासारखे वाटते. त्याच्याबरोबर ट्रस्टचा एक कार्यकर्ता अर्ज घेऊन उभा राहिला, तर तो संकोच निम्मा कमी होईल.

बंधुभगिनींनो, आपल्या धर्माने श्रावकाला चार दाने सांगितली आहेत : आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. या ट्रस्टने पन्नास वर्षे आहारदान आणि शास्त्रदान उत्तम रीतीने केले. विद्यार्थ्यांच्या पिढ्या या वास्तूतून बाहेर पडल्या. आता औषधदानाचा संकल्प झाला आहे. माझ्या अनुभवावरून मी एवढेच सुचवीन, की औषधाच्या आधी निदानाचे दान द्यावे, कारण ज्या दिवशी डॉक्टरांनी मला 'हा कुष्ठरोग नाही' असे सांगितले, त्या दिवशी एकही गोळी न घेता मी निम्मा बरा झालो. त्यांनी मला अभयदान दिले. योग्य निदानात औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान ही तिन्ही एकत्र येतात, आणि त्याला खर्च सर्वांत कमी लागतो.

म्हणून माझ्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, ट्रस्टच्या वार्षिक आरोग्य शिबिरात साखर व रक्तदाब तपासतो त्याच टेबलावर प्रत्येकाचा हात पालथा ठेवून पाहावा, आणि मधुमेह्यांना हात जोडायला सांगावे. यास अर्धा मिनिट लागतो. दुसरी, दर महिन्यास एक स्वयंसेवक साताऱ्याहून कराड वा मिरजेला जाणाऱ्या रुग्णांच्या सोबतीस द्यावा. तिसरी, निधीतून शस्त्रक्रियेबरोबरच प्रवास, हाताची पट्टी आणि बुडालेला रोज यांसाठीही तरतूद करावी.

कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच समाजातले. त्यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि 'कमवा व शिका' म्हणत विद्यार्थ्यांच्या हाती कुदळ व पुस्तक एकत्र दिले. त्या परंपरेत वाढलेल्या आम्हा माणसांचा हात हाच खरा ठेवा. आपले मुनिमहाराज तर पाणिपात्र. त्यांचा आहारच ओंजळीतून होतो. जो हात दानासाठी पुढे होतो, वंदनेसाठी जुळतो आणि श्रमासाठी मिटतो, त्याच्याकडे आपण आरशाइतकेही पाहत नाही.

शेवटी एक विनंती. आपण सर्व सतरंजीवर बसला आहात. माझे भाषण संपण्यापूर्वी प्रत्येकाने उजवा हात आणि मग डावा हात शेजारच्या फरशीवर पालथा ठेवून पाहावा. टेकला तर आनंद आहे. पुढच्या दशलक्षणाला पुन्हा पाहावा. ज्याचा टेकणार नाही, त्याने घाबरू नये, लपवू नये, आणि यंत्राच्या बैठकांचे पैसे भरू नयेत. कार्यक्रमानंतर मला भेटावे. मिरजेच्या गाडीत मी सोबत येईन. माझा हात आजही टेबलाला टेकतो. परंतु दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी परीक्षा देतो, आणि आयुष्यात प्रथमच परीक्षार्थी असण्याचे सुख अनुभवतो.

 दोन्ही हात जोडून, आणि तळवे नीट टेकवून, सर्वांना जय जिनेंद्र.